‘परवा दोन पेट्या पाठवा’: छोट्या धंद्यात एआय नेमकं कुठे कामाला येतं

“दादा, मागच्यासारख्याच दोन पेट्या परवा पाठवा. एक आमच्याकडे, एक ताईकडे. आमचा पत्ता तोच, ताईचा बदललाय, तो उद्या टाकते. आणि जरा तयार बघून द्या हं.”

हा निरोप मी नमुना म्हणून लिहिला आहे. पण देवगड-रत्नागिरीकडून थेट ग्राहकाला हापूस पाठवणाऱ्या कुणालाही तो वाचून दाखवा, एप्रिल-मेच्या रात्री फोनवर याच जातीचे निरोप साठलेले असतात. काही मराठीत टाइप केलेले, काही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, काही आवाजात बोलून पाठवलेले आणि मागे टीव्ही चालू. निरोप चार ओळींचा आणि त्यात दडलेले प्रश्न सहा. बोलणारी कोण? मागच्या वेळी पेटी पाच डझनी होती की सहा? परवा म्हणजे कुठली तारीख? त्या तारखेला पेटी इथून निघायला हवी की तिथे पोचायला? ताईचा पत्ता आला का? आणि ‘तयार’ म्हणजे आजच पिकलेला की दोन दिवस आढीत ठेवला की पिकेल असा?

घरातलं जे माणूस वर्षानुवर्षं ऑर्डरची वही सांभाळतं, त्याला ही उत्तरं अर्ध्या मिनिटात सुचतात. अडचण उत्तरांची नाही, संख्येची आहे. एका रात्री असे साठ निरोप आले आणि प्रत्येक वाचून, जुना पत्ता शोधून, वहीत उतरवून, उलट उत्तर लिहायला चार मिनिटं लागली, तर चार तास झाले. तेही दिवसभर बागेत आणि पॅकिंगमध्ये राबल्यानंतर. चुका होतात त्या याच वेळी. पुण्याची पेटी पनवेलला जाते आणि नेहमीचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन करत नाही.

‘एआय ऑटोमेशन’ हा शब्द सध्या व्यापारी मेळाव्यांत, मोबाइलवरच्या जाहिरातींत सारखा कानावर पडतो. धंदा आपोआप चालेल असं त्यात सांगितलं जातं. ते खरं नाही. पण त्या साठ निरोपांचं वहीत उतरणं बऱ्याच अंशी आपोआप होऊ शकतं, आणि दोन महिन्यांच्या हंगामात रोजचे तीन तास वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे. ते कसं होतं आणि कुठे फसतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

दोन वेगळ्या गोष्टी

चहाच्या टपरीवर पैसे आले की आवाज देणारा छोटा स्पीकर सगळ्यांनी ऐकला आहे. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला, खात्यात रक्कम जमा झाली, स्पीकर बोलला. यात एआय असण्याची गरज नाही. ‘असं झालं की तसं कर’ हा एक ठरलेला नियम आहे आणि यंत्र तो न कंटाळता पाळतं. याला ऑटोमेशन म्हणतात. स्प्रेडशीटमधलं बेरजेचं सूत्र, दर महिन्याला वेळेवर कापला जाणारा हप्ता, दुकान बंद असताना आपोआप जाणारा ‘सकाळी नऊनंतर उत्तर देतो’ हा निरोप, ही सगळी त्याचीच भावंडं.

नियमाला माल ठरलेल्या आकारात लागतो. रकमेच्या जागी रक्कम, तारखेच्या जागी तारीख. वरच्या नमुना निरोपात यातलं काहीच जागेवर नाही. असा विस्कटलेला मजकूर, आवाज, फोटो, हाताने लिहिलेलं बिल वाचून त्यातून कामाचे तुकडे वेगळे काढायचे असतील, तिथे नियम हात टेकतो आणि एआयची पाळी येते.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत असतो: आधी कामाची साखळी कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक कडीपुढे विचारा, हे नियमाने होईल का? होत असेल तर तिथे एआय आणू नका. नियम स्वस्त असतो आणि रोज तेच उत्तर देतो. एआय त्याच प्रश्नाला आज एक आणि उद्या थोडं वेगळं उत्तर देऊ शकतं. आंब्याच्या धंद्यात साखळीच्या दहा कड्यांपैकी फार तर तीन-चार कड्यांना एआय लागतं असं तुमच्या लक्षात येईल.

ते आतून काय करतं

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुलं झालं आणि त्यानंतर जेमिनायसारखी इतर साधनंही घराघरांत पोचली. या सगळ्यांच्या पोटात भाषेचं मॉडेल असतं. अफाट मजकूर वाचून ते एक गोष्ट शिकलेलं असतं, समोर असलेल्या शब्दांनंतर काय येण्याची शक्यता जास्त. ‘अति तिथे’ म्हटलं की आपल्या तोंडात ‘माती’ आपसूक येते, साधारण तसं. हे कौशल्य इतकं वाढवलेलं असतं की त्यातून निरोपाचा सारांश काढणं, भाषांतर, पत्राचा मसुदा, रकाने भरणं हे सगळं जमतं.

पण याचा एक परिणाम धंदेवाल्याने पक्का लक्षात ठेवायला हवा. ‘आज पाच डझनी पेटी केवढ्याला?’ असं विचारलंत तर तुमच्या भिंतीवरचा फळा त्याला दिसत नसतो. तरी वाक्याला एक आकडा हवा असतो, म्हणून ते शोभेल असा आकडा घालू शकतं. आणि तो आकडा अगदी ठामपणे, सभ्य मराठीत लिहिलेला असतो. माणूस अंदाजाने बोलतो तेव्हा आवाजात जरा चाचरतो, इथे ते चाचरणं ऐकू येत नाही. म्हणून भाव, शिल्लक माल, कुठल्या गावाला गाडी जाते ही माहिती रोज तुम्हीच लिहून द्यायची आणि ‘याच्या बाहेरचं काही सांगू नकोस’ असं बजावायचं.

मराठीसाठी आणखी एक बाब. ही मॉडेलं मजकुराचे बारीक तुकडे करून काम करतात आणि बिल त्या तुकड्यांवर लागतं. देवनागरीचे तुकडे बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत थोडा महाग पडू शकतो. छोट्या धंद्याच्या प्रमाणात हा फरक किरकोळ असतो. त्यासाठी ग्राहकाशी इंग्रजीत बोलायला जाऊ नका.

निरोप ते वही

आता तो नमुना निरोप पुढे नेऊ. आवाजातला निरोप असेल तर पहिली पायरी आवाजाचा मजकूर करण्याची. मराठीसाठी हे आता बऱ्यापैकी होतं. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रमही २०२२ पासून आपल्या भाषांच्या अशाच कामासाठी सुरू आहे. प्रमाण मराठीत, शांत खोलीत बोललेलं चांगलं उतरतं. मालवणीत, चालत्या बसमध्ये बोललेलं तितकं उतरत नाही. म्हणून मूळ आवाज पुसायचा नाही. शंका आली की कान लावून ऐकायचा.

दुसरी पायरी एआयला सूचना देण्याची. लोक इथे ‘ऑर्डर लिहून दे’ एवढंच सांगतात आणि मग निराश होतात. नव्या नोकराला पहिल्या दिवशी जसं समजावून सांगाल, तसं सांगा:

“खाली ग्राहकाचा निरोप आणि तो कधी आला ती तारीख-वेळ दिली आहे. त्यातून ग्राहकाचं नाव, पेट्या किती, किती डझनाची पेटी, फळ कच्चं की तयार, पत्ता, पिनकोड आणि माल कुठल्या तारखेला हवा, हे वेगवेगळ्या रकान्यांत लिही. निरोपात जे नाही तो रकाना रिकामा ठेव. अंदाज लावू नकोस. जिथे दोन अर्थ निघतात तिथे ‘विचारा’ असं लिही आणि काय विचारायचं ते सांग.”

शेवटची तीन वाक्यं सगळ्यात मोलाची. ती नसतील तर रिकामी जागा भरून काढण्याची त्या यंत्राची ओढ तुम्हाला नडते. पिनकोड दिला नसेल तर गावाच्या नावावरून ते एखादा पिनकोड लिहून मोकळं होईल. ती असली तरी मधूनमधून ते चुकेल, पण पुष्कळ कमी.

आता ‘परवा’ घ्या. मराठीत परवा होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही. ‘परवा पाठवलेले पैसे’ आणि ‘परवा पैसे पाठवते’ यातला फरक क्रियापदावरून कळतो, आणि निरोप पूर्ण असेल तर एआयलाही तो बहुतेक वेळा कळतो. ‘परवाचे पैसे’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र कुणालाच कळणार नाही. त्याहून खरा घोळ वेगळाच. समजा निरोप शनिवारी १९ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी आला. त्यांचा परवा म्हणजे सोमवार, २१ एप्रिल. तुम्ही तो रविवारी सकाळी उघडून एआयला दिलात आणि निरोपाची वेळ दिली नाही, तर ते आजपासून मोजेल आणि मंगळवार लिहील. त्यांचे आंबे एक दिवस उशिरा निघतील. म्हणून निरोपासोबत त्याची वेळ गेलीच पाहिजे.

आकड्यांचंही तसंच. दीड, अडीच, साडेतीन डझन, पावणेदोनशे, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे आपल्याला बालपणापासून पाठ आहेत. मॉडेल यांत चांगलं झालं आहे, तरी ‘पावणे’ आणि ‘एकोण’ या दोन ठिकाणी मी कधीच डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. ‘५ चे २’ असा निरोप तर माणसालाही चकवतो: पाच डझनी दोन पेट्या की दोन डझनाचे पाच बॉक्स?

तिसरी पायरी, रकाने गुगल शीटमध्ये जाऊन पडण्याची. सुरुवातीला हे हातानेच चिकटवा. महिनाभर नीट चाललं, तर झॅपियर किंवा मेक (Make) यांसारख्या, एका अ‍ॅपमधली माहिती दुसऱ्यात आपोआप नेणाऱ्या सेवा आहेत, किंवा तालुक्यातला संगणकाचं शिकलेला एखादा मुलगा शीटमध्येच जोडणी करून देतो. जुना पत्ता शोधणं हे एआयचं काम नाही. फोन नंबर जुळवून मागची ऑर्डर ओढून आणणं शीटचं साधं सूत्र करतं आणि चुकत नाही.

चौथी पायरी उत्तराचा मसुदा: “ताई, मागच्या वेळी पाच डझनी पेट्या होत्या, तशाच दोन धरतो. सोमवारी २१ एप्रिलला इथून रात्रीच्या गाडीने निघतील, चालेल ना? की सोमवारी तुमच्याकडे पोचायला हव्यात? आणि तुमच्या ताईंचा नवा पत्ता पिनकोडसकट पाठवा.” मसुदा एआयने लिहावा, वाचून पाठवायचं बटण माणसाने दाबावं. एका निरोपाला चार मिनिटांऐवजी एक मिनिट लागलं, तर साठ निरोपांचा एक तास होतो. तो एक तासही वाचवून सगळं यंत्रावर सोडावं असं मला वाटत नाही. त्या तासातच तुम्हाला कळतं की अमक्या काकूंची ऑर्डर यंदा आली नाही, फोन करून विचारायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी एक व्यवहाराची माहिती इथेच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे फुकट अ‍ॅप २०१८ पासून आहे. त्यात नेहमीची उत्तरं साठवणं, ग्राहकांना ‘पैसे आले’, ‘पत्ता बाकी’ अशी लेबलं लावणं, मालाची फोटोंसह यादी ठेवणं, या सोयी एआयशिवाय मिळतात. बरेच जण त्या न वापरताच थेट चॅटबॉट विकत घ्यायला निघतात. मोठी, संगणकाला जोडायची व्हॉट्सअ‍ॅप सेवा घेतलीत तर तिचे नियम वेगळे आहेत. ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासांपर्यंत तुम्ही मोकळेपणाने लिहू शकता. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच निरोप जातो आणि त्याचे पैसे लागतात. विकणाऱ्याला हा खर्च करारापूर्वी विचारा.

पैशाची बाजू

ग्राहक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो. एआय तो वाचून रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक छान काढून देतं. आणि इथेच फसायला होतं, कारण खोटा स्क्रीनशॉटही ते तितक्याच छान वाचतं. चित्रावर काय लिहिलंय ते त्याला कळतं, खात्यात पैसे आलेत की नाही ते कळत नाही. यूपीआयच्या व्यवहाराला १२ अंकी क्रमांक असतो. एआयने काढलेला क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमधल्या क्रमांकाशी आणि रकमेशी जुळला, तरच शीटमध्ये ‘जमा’ उमटावं. ही जुळवणी नियमाची. वाचायचं एआयने, खात्री करायची बँकेच्या नोंदीने. कामाची ही वाटणी मला सगळ्या धंद्यांत उपयोगी पडताना दिसते.

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून बिलांचं उदाहरण दुसरीकडून घेऊ. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, मशिनिंगचं जॉबवर्क करणारं छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. महिन्याला कूलंट, इन्सर्ट, बेअरिंग, टेम्पोचं भाडं अशी शंभरेक बिलं. मालक ती पिशवीत भरून महिनाअखेरीला अकाउंटंटकडे नेतो. त्याऐवजी बिल हातात आलं की मोबाइलवर फोटो, एआयने त्यातून पुरवठादार, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम आणि कर वेगळे काढायचे.

एआयने बरोबर वाचलं की नाही हे त्यालाच विचारू नका, गणिताला विचारा. समजा करपात्र रक्कम १२,४०० रुपये आणि दर १८ टक्के. केंद्राचा ९ टक्के म्हणजे १,११६, राज्याचा तेवढाच, एकूण १४,६३२. एआयने ४ चा ९ वाचून १२,९०० लिहिलं तर बेरीज जमणार नाही आणि शीटमधली ओळ लाल होईल. जीएसटी क्रमांकाचीही अशीच सोय आहे. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं पॅनची, ज्यात पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर हा क्रम ठरलेला. आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेबाने येतं. त्यामुळे ८ च्या जागी ‘बी’ वाचला गेला तर तो पकडता येतो. ही तपासणी एकदा बसवली की वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. मला हे फार आवडतं, कारण यात कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या संकेतस्थळावर जीएसटीआर-२बी नावाची यादी तयार होते. तुमच्या पुरवठादारांनी आपल्या विवरणात कुठली बिलं दाखवली ते तिच्यात दिसतं. तुमच्याकडे बिल आहे पण तिथे नाही, तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तुम्हाला मिळणारी वजावट, अडकतं. दोन याद्या जुळवणं पुन्हा नियमाचं काम. अडकलेल्या सात पुरवठादारांना सात वेगळे, त्यांच्या बिल क्रमांकासकट, गोड भाषेतले निरोप लिहिणं हे एआयचं. विवरण भरायचं ते मात्र तुमच्या कर सल्लागाराने पाहूनच. कराच्या कायद्याचा प्रश्न एआयला विचारून त्याच्या उत्तरावर चालू नका. दर आणि तारखा बदलत असतात आणि त्याने वाचलेलं जुनं असू शकतं.

वसुलीबद्दल दोन गोष्टी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, निव्वळ व्यापाऱ्याला हा आधार नाही. पण शिरोलीतला वर्कशॉपवाला मोठ्या गिऱ्हाइकाला हे कधी लिहीतच नाही, कारण संबंध बिघडतील ही भीती आणि इंग्रजीत पत्र लिहायचा कंटाळा. दुसऱ्या कारणावर तरी आता इलाज आहे. बिलाला ३० दिवस झाले की शीटने नाव वर आणायचं, एआयने तीन मसुदे करायचे: एक नुसती आठवण, एक जरा स्पष्ट, एक कायद्याचा उल्लेख असलेला. कुठला कुणाला जाईल हे मालकाने ठरवायचं. परचेसवाल्या साहेबांच्या घरी लग्न आहे की नाही ते मसुद्याला माहीत नसतं.

शब्द कुणाचा

पूर्ण चॅटबॉट, म्हणजे ग्राहकाशी परस्पर बोलणारं यंत्र, लावायचं ठरवलंत तर त्याआधी कॅनडातलं एक प्रकरण ऐका. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने २०२२ मध्ये एका प्रवाशाला सांगितलं की नातेवाइकाच्या निधनानिमित्तच्या प्रवासाची सवलत नंतर अर्ज करूनही मिळते. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवाशाने दाद मागितली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला, आणि ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. कंपनीला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम विमान कंपनीला चिल्लर होती. पण दिलेला शब्द तुमचाच धरला जातो हे त्यातून स्पष्ट झालं, आणि आपल्याकडच्या पेठेत तर ते न्यायाधिकरणाशिवायही माहीत आहे.

म्हणून भाव कमी करणं, पैसे परत देणं, अमक्या तारखेला नक्की पोचेल असं सांगणं, या तीन गोष्टी मी यंत्राच्या तोंडी कधीच देणार नाही. दुकान कधी उघडं, पार्सल कुठल्या गावी जातं, आंबा घरी आढीत कसा ठेवायचा, हे त्याने खुशाल सांगावं.

तक्रारीचंही असंच. ग्राहक कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवतो, आत पांढुरका साका, म्हणजे बिघडलेला गर. बाहेरून फळ देखणं असतं, त्यामुळे पॅकिंग करणाऱ्यालाही तो दिसत नाही आणि बाहेरच्या फोटोवरून एआयलाही सांगता येणार नाही. बदली फळं द्यायची की पैसे, हे बागायतदाराने ठरवावं. एआयने इथे दुसरी मदत करावी. तक्रारीच्या निरोपांतून पेटीचा नंबर वेगळा काढावा. पेटीवर तोडीची तारीख आणि कलमांचा पट्टा लिहायची सवय लावलीत, तर आठवड्याच्या शेवटी शीट दाखवेल की अकरापैकी नऊ तक्रारी एकाच दिवशीच्या तोडीच्या आहेत. पुढची पेटी भरायच्या आत हे कळणं कुठल्याही चॅटबॉटपेक्षा मोलाचं.

ग्राहकांची माहिती जपायला हवी, हे तर सांगायलाच हवं. फुकटच्या साधनांत घातलेला मजकूर पुढच्या मॉडेलच्या शिकवणीसाठी वापरला जाऊ शकतो. बऱ्याच साधनांच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी करा. ऑर्डर समजायला फोन नंबर लागत नाही, म्हणून तो एआयला देऊच नका, शीटमध्ये बाजूला ठेवा. आधार, पॅन, बँक पासबुकाचे फोटो तर मुळीच नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

आणि ती वही सांभाळणारी घरातली वहिनी, किंवा दुकानातला पंधरा वर्षं जुना दिवाणजी? कोण गिऱ्हाईक ‘तयार’ म्हणजे काय म्हणतं, कुणाला कमी गोड चालत नाही, कुणाचे पैसे उशिरा येतात पण बुडत नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. साधन बसवताना त्यांना शेजारी बसवा. एआयला द्यायची सूचना त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांना बाजूला सारून बसवलेली यंत्रणा पहिल्याच गर्दीत अडते असं माझं मत आहे, आणि वाचलेल्या तासांवर पहिला हक्कही त्यांचाच.

सुरुवात करायला काही विकत घ्यावं लागत नाही. मागच्या हंगामातले वीस निरोप काढा, सोपे निवडू नका, विस्कटलेलेच घ्या. नावं-नंबर झाकून वरची सूचना देऊन एआयकडून रकाने भरून घ्या, आणि वहीत तेव्हा जे लिहिलं होतं त्याच्याशी एकेक ओळ ताडून पाहा. किती चुकल्या यापेक्षा कुठल्या रकान्यात चुकल्या ते मोजा. पत्त्यात चुका असतील तर बहुतेक पत्ताच अर्धवट आलेला असतो. तारखेत चुका असतील तर निरोपाची वेळ दिली होती का ते बघा. आणि तरीही ‘परवा’ अडतच असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जाणाऱ्या पहिल्या निरोपात एक ओळ घाला: ‘आंबे कुठल्या तारखेला हातात हवेत ते कृपया आकड्यात लिहा, उदा. २१ एप्रिल.’ ती ओळ लिहायला एआयही लागत नाही, आणि पुढचे पुष्कळ निरोप तारखेसकट येऊ लागतील.